मारुतीचा पाट

वामनबुवा कवठेकरांनी झांजांची जोडी पिशवीत घातली, उपरण्याने कपाळ टिपलं आणि मोठ्या समाधानाने समोरच्या खोलीकडे पाहिलं.

"बघितलंत ना डॉक्टर? बाकीच्या तिसांनी भुंकून भुंकून घसे फोडले. ही एकटी कोपऱ्यात बसून शेवटपर्यंत ऐकत होती. शेपूट हलली नाही की कान हलला नाही. नुसती तल्लीन! चाळीस वर्षं कीर्तनं केली, पण अशी श्रोती मोजून चार भेटली असतील."

श्वानगृहाची पशुवैद्य डॉक्टर रेश्मा मुल्ला पुढे आली. तिने हातातली काचेची पाटी बुवांकडे फिरवली. पाटीवर लाल रंगात आकडा होता, त्र्याण्णव.

"हे काय, शंभरात त्र्याण्णव?" बुवा हसले. "मग मी काय वेगळं सांगतोय?"

"बुवा, हे गुण नाहीत. हा ताणांक आहे." रेश्माने आवाज हळू केला. "ती तल्लीन नाही झालेली. भीतीने दगड झालीय."

सन दोन हजार त्रेचाळीसची ही गोष्ट. कृष्णेच्या काठाला सोनवळ नावाचं गाव आणि गावाबाहेर मळ्यात 'दत्तछाया श्वानगृह'. दत्तमहाराजांच्या पायाशी चार कुत्री बसतात, मग आपल्या गावच्या कुत्र्यांनी कुणाच्या पायाशी बसायचं, असं म्हणून चार भक्तमंडळींनी ते बांधलं. वामनबुवा तिथे रोज संध्याकाळी येत. आताशा लोक घरबसल्या हव्या त्या विषयावरचं कीर्तन यंत्राकडून रचून घेत आणि यंत्राच्याच आवाजात ऐकत. बुवांना बोलावणी येईनाशी झाली होती. पत्नी तीन वर्षांपूर्वी गेली. मुलगी वैजयंती नागपुरात पूल बांधणारी अभियंता. मग उरली कोण, तर ही एकतीस कुत्री. त्यांच्यासमोर उभं राहून बुवा झांजा वाजवत नामघोष करत. सभा मिळाल्याचं त्यांना समाधान होतं, आणि सभेच्या कानावर देवाचं नाव पडतंय याचं पुण्य.

त्या सभेत एकोणीस दिवसांपूर्वी एक काळीभोर कुत्री आली. सहा वर्षं एका वीटभट्टीवर साखळीला बांधलेली, गळ्यावरचे केस कायमचे गेलेले. बुवांनी तिचं नाव ठेवलं बुक्का. कीर्तनाच्या वेळी कपाळाला लावायचा तो काळा सुगंधी बुक्का. तिला घरी न्यायचं, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. एवढी समजदार श्रोती कोण सोडेल?

आणि आता हा आकडा.

"हे यंत्रच बिघडलं असेल," बुवा म्हणाले.

"आवो बुवा," झाडू मारता मारता तात्या शिंगे मध्ये पडले. श्वानगृहातले ते सगळ्यात जुने सेवेकरी, बुवांच्याच वयाचे. "यंत्र बिघडलं तर समद्यांचंच आकडं चुकायला पायजेत. त्यो पलीकडचा पिवळ्या बघा, चाळीसवर हाय. तुम्ही झांजा काढल्या की सत्तरवर जातोय, तुम्ही ग्येला की परत चाळीस. मी रोज बघतोय. सांगू म्हटलं तर तुमचा मान राखाय लागतोय."

बुवांनी तात्यांकडे असं बघितलं, जणू मृदंगवाल्याने भर कीर्तनात ठेका सोडला.

रेश्माने त्यांना बाकावर बसवलं आणि छताकडे बोट केलं. तिथे ताटलीएवढी एक पांढरी चकती होती. तिचं नाव स्पंदक. ती खोलीत अगदी सौम्य रेडिओलहरी सोडते. लहरी प्राण्याच्या छातीवर आपटून परत येतात आणि छाती केसभर हलली तरी चकतीला कळतं. अंगाला तार नको की सुई नको. त्या हालचालीतून श्वास मोजायचा आणि श्वासाच्या आडून हृदयाचे ठोके.

"पण ठोके जलद की हळू एवढ्यावर भागत नाही," रेश्मा म्हणाली. "दोन ठोक्यांमधलं अंतर बघावं लागतं. शांत जिवाचे ठोके एका मापाचे नसतात. श्वास आत घेताना जरा जवळ येतात, सोडताना लांबतात. कुत्र्यात तर हे फारच ठळक दिसतं. घाबरलेल्या जिवाचे ठोके मात्र ताठ होतात. घड्याळासारखे, एकाला एक मोजून."

बुवांनी बाकावर बोटांनी ठेका धरून पाहिला. मग म्हणाले, "म्हणजे हाडाचा तबलजी आणि यंत्रातला तबला. एकाची लय श्वास घेते, दुसऱ्याची नुसती मोजते."

"अगदी तेच. आणि हिच्या छातीत सध्या यंत्रातला तबला वाजतोय."

"आणि झांजा?"

"आपल्याला ऐकू येतो त्याच्या दुप्पट उंच स्वर कुत्र्याला ऐकू येतो, बुवा. झांजेचा जो नाद आपल्यासाठी संपतो, त्याच्या पुढचा अर्धा त्यांच्या कानात शिल्लकच असतो."

बुवांनी पिशवी मांडीवरून उचलून बाकाखाली ठेवली, पार आत, भिंतीला टेकून.

खरी अडचण पुढे होती. निराधार कुत्र्यांचं बघणाऱ्या मंडळाचा नियम असा, की आलेल्या कुत्र्याला पंचेचाळीस दिवस मिळतात. तेवढ्यात, त्याला घेऊ पाहणाऱ्या माणसाच्या सहवासात, संध्याकाळी सहा ते सात या तासाच्या शेवटी ताणांक सलग तीन दिवस पन्नासच्या खाली यायला हवा. नाही आला तर त्या जिवाला माणसाचा सहवास मानवत नाही असं समजायचं आणि त्याला कुंपणाच्या माळावर सोडायचं. तिथे पाणी मिळतं, अन्न मिळतं, माणसाचा हात मिळत नाही. एकदा गेलेलं कुत्रं तिथून कुणाला देत नाहीत. नियम दुष्ट नव्हता. घाबऱ्या जिवांना घरोघर फिरवून पुन्हा पुन्हा परत आणण्यापेक्षा बरा, म्हणूनच केलेला. पण बुक्काला घ्यायला दुसरं कुणी पुढे आलं नव्हतं. काळी, वयाने मोठी, मुकी. जे काय व्हायचं ते बुवांच्या सहवासात, आणि उरलेल्या सव्वीस दिवसांत.

दुसऱ्या दिवसापासून बुक्कासाठीही 'विरंगुळ्याचा तास' सुरू झाला. श्वानगृहातला तो जुनाच रिवाज. रोज प्रत्येक कुत्र्याच्या डोक्याला आणि नाकाला काहीतरी काम द्यायचं. तात्या जुन्या गोणपाटाच्या गुंडाळ्या करून त्यात भाकरीचे तुकडे लपवत. पुठ्ठ्याचे खोके एकात एक घालून देत. वाळूच्या हौदात हाडं पुरत. कधी बैलाच्या झुलीचा तुकडा, कधी वाळ्याची जुडी नुसती हुंगायला टांगत. कोणत्या कुत्र्याला काय मानवलं ते स्पंदक टिपायचा आणि दुसऱ्या दिवशी तेच जास्त द्यायचं. पिवळ्या गोणपाट उलगडण्यात एवढा रमायचा, की शेवटी त्यावरच झोपायचा.

बुक्का एकटी असली की गोणपाट उलगडायची. आकडा बासष्टवर यायचा. बुवा दारात आले, "बुक्का, ये बाळ, बघ काय आणलंय," म्हणाले, की तोंडातला तुकडा तिथेच पडायचा आणि आकडा ऐंशीच्या वर.

बुवांनी आवाज मऊ केला, तरी ऐंशी. खाली बसून हात पुढे केला, तर सत्त्याऐंशी.

"हिला माझंच काय वावडं आहे?" पाचव्या दिवशी ते चिडले. "तात्या मारे झाडू घेऊन आत जातात, तर चौसष्ट!"

"मी कुणाकडं बघतंय होय?" तात्या म्हणाले. "मी माझा झाडतोय. तुम्ही मातर डोळ्यात डोळं घालून नाव घेऊन बोलावताय. भट्टीवर तिला नाव घेऊन कशाला बोलवत असतील, ते कळतंय का तुमास्नी?"

 कीर्तनकाराचं सगळं बळ नजरेत असतं. गादीवर उभं राहिलं की पहिल्या रांगेपासून खांबाआड बसलेल्यापर्यंत सगळ्यांना डोळ्यांनी धरायचं, सुटू द्यायचं नाही. तेच त्यांनी इथे केलं होतं. धरलं जाण्याची सहा वर्षं भोगून आलेल्या जिवाला.

रेश्माने मग एक वेगळीच गोष्ट केली. बुक्काच्या खोलीत नाकाच्या उंचीला एक लाकडी पट्टी बसवली. पट्टी नाकाने दाबली की खोलीतला आवाज बंद, पुन्हा दाबली की सुरू.

"कोणताही जीव ताणाखाली का जातो, बुवा? त्रास होतो म्हणून, हे अर्धंच उत्तर आहे. तो त्रास थांबवणं आपल्या हातात नाही म्हणून. एकदा का ते हातात आलं, की पुष्कळदा तोच त्रास त्रास राहत नाही. तुम्ही शेजारच्या खोलीत बसून बोला. आवाज भोंग्यातून तिच्याकडे जाईल. नको असेल तर ती बंद करेल."

"माझं कीर्तन बंद करेल? कुत्री?"

"हो."

तात्यांनी तोंड फिरवून खोकल्याचं निमित्त केलं.

बुक्का पट्टी दोन दिवसांत शिकली. तिसऱ्या दिवशी बुवा शेजारच्या खोलीत बसले, घसा साफ केला आणि निरूपणाला सुरुवात केली. समोरच्या पाटीवर लगेच अक्षरं उमटली. श्रोत्याने आवाज बंद केला. वेळ, अकरा सेकंद.

पुन्हा प्रयत्न, नऊ सेकंद. तिसऱ्यांदा, चौदा.

"वाढलं की पाच सेकंदांनी," तात्या म्हणाले. बुवा उठले आणि चालत घरी गेले.

घरी पोचल्यावर त्यांनी सवयीने नागपूरला फोन लावला. सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक, असा त्यांचा नेम होता. वैजूने उचलला.

"जेवलीस का? आवाज का बसलाय? गरम पाणी पी. त्या नव्या पुलावर उन्हात उभी राहत जाऊ नकोस. आणि हे बघ, मी काय म्हणतो..."

"बाबा, मीटिंग आहे. नंतर करते."

फोन बंद झाला. बुवांचं लक्ष सहज पडद्याकडे गेलं. बोलणं चाललं, अकरा सेकंद.

ते तिथेच ओट्यावर बसून राहिले. नाकाची पट्टी फक्त बुक्काला मिळाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते आले ते सरळ रेश्माच्या टेबलाशी. "डॉक्टर, मला सगळी नोंद दाखवा. ती पट्टी नेमकी कुठं दाबते?"

रेश्माने आवाजाचा आलेख काढला. बुवांनी कान लावून स्वतःलाच ऐकलं. पहिल्यांदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. बुक्का पट्टी दाबत होती ती जागा प्रत्येक वेळी एकच होती. आवाज चढत जातो, शेवटच्या शब्दावर थांबतो, आणि पुढे ऐकणाऱ्याकडून काहीतरी मागतो. ती टाळी घेण्याची जागा होती. बुवांनी आयुष्यभर घासून घासून चकचकीत केलेली.

"आमच्याकडे तुमच्या जुन्या कीर्तनाची ध्वनिफीत पण लावून पाहिली काल, तुम्ही गेल्यावर," रेश्मा म्हणाली. "तीही बंद केली तिने. पण मग एक गंमत झाली. फीत पुढे चालूच होती. वीसेक मिनिटांनी तिने स्वतःच पट्टी दाबून आवाज सुरू केला. आणि चार मिनिटं बंदच केला नाही. आकडा सत्तावन्न."

"त्या चार मिनिटांत मी काय सांगत होतो?"

"काहीच नाही. ऐका."

फितीवर तानपुरा होता. भांडं ठेवल्याचा आवाज, कुणीतरी पाणी पितंय, एक खाकरणं, आणि मग कुणासाठीच नसलेलं, स्वतःशीच केलेलं हलकं गुणगुणणं. पूर्वरंग आणि आख्यान यांच्यामधली ती विश्रांती होती. त्या वेळात बुवांना हार घालतात, बुक्का लावतात, आणि बुवा घटकाभर कुणाचेच नसतात.

बुवांच्या डोळ्यांत पाणी आलं. "वीस मिनिटांचं माझं निरूपण गेलं वाया, आणि माझं पाणी पिणं आवडलं हिला!" असं म्हणून ते स्वतःच हसत सुटले. तात्यांनाही मग खोकल्याचं निमित्त करावं लागलं नाही.

त्या हसण्यातच त्यांना कीर्तन शिकवणारे गुरुजी आठवले.

रामकथेच्या कीर्तनाला गुरुजी श्रोत्यांच्या जागेत एक रिकामा पाट मांडायचे. रामाचं नाव चाललं की मारुतीराय ऐकायला येतात, त्यांच्यासाठी तो. लहानपणी वामनने एकदा कीर्तनभर त्या पाटाकडे टक लावून पाहिलं होतं. गुरुजींनी नंतर जवळ घेऊन सांगितलं, त्या पाटाकडे बघायचं नसतं रे. त्याला हाकही मारायची नसते. आपण पाट मांडायचा, पुसून ठेवायचा, आणि आपलं काम करत राहायचं. यायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं.

वामनबुवांनी पुढे हजार कीर्तनं केली. पाटही मांडला. पण त्याचा अर्थ कधी बघितला नव्हता.

एकोणतिसाव्या दिवशी बुवा तानपुरा आणि एक जुना शिसवी पाट घेऊन आले. बुक्काच्या खोलीत तिच्यापासून सगळ्यात दूर, दाराशी बसले, तेही तिच्याकडे पाठ करून. शेजारी पाट मांडला, उपरण्याने पुसला. आणि तानपुरा छेडत, कुणाला ऐकवायचं नाही अशा आवाजात, नामस्मरण सुरू केलं. पट्टी कोपऱ्यात होतीच. आता ती दाबली की बाहेर दिवा लागायचा आणि बुवांनी गप्प होऊन उठायचं, एवढा करार.

पहिल्या दिवशी दिवा सहा मिनिटांनी लागला. बुवा उठले, पाट तिथेच ठेवून गेले. दुसऱ्या दिवशी अकरा मिनिटांनी. चौथ्या दिवशी लागलाच नाही.

आकडा पायरी पायरीने उतरत गेला. चौऱ्याहत्तर, एकोणसत्तर, साठ. छत्तिसाव्या दिवशी बावन्न. बुवा गेल्यावर बुक्का येऊन रिकामा पाट हुंगते, हे तात्यांनी खिडकीतून पाहिलं आणि पळत सांगायला आले. अडतिसाव्या दिवशी अठ्ठेचाळीस, एकोणचाळिसाव्या दिवशी सत्तेचाळीस. आणखी एकच दिवस हवा होता.

चाळिसाव्या दिवशी बुवा गात असताना मागे नखांचा आवाज झाला. एक पाऊल, मग दुसरं. मानेवर ऊन श्वास आला. चाळीस वर्षं मुरलेला कीर्तनकार श्रोता जिंकल्याच्या आनंदाने भरून आला, आणि ती जागा येताच, ती टाळी घेण्याची जागा, बुवा गर्रकन वळले.

"बुक्का! शाबास गं माझी बाय!"

बुक्का भिंतीवर आपटली. कोपऱ्यात अंगाचं मुटकुळं करून थरथरत राहिली. आकडा अठ्ठ्याऐंशी.

दोन दिवस तो साठाच्या खाली आला नाही. उरले शेवटचे तीन दिवस, आणि तिन्ही हवेत. एकही चुकला तर माळ.

"मी जात नाही आत," बुवा म्हणाले. "माझा माझ्यावरच विश्वास राहिला नाही."

"मग कुणी जायचं? मी?" तात्या कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "मला गाता आलं असतं तर झाडू मारला असता व्हय जलमभर? उठा."

त्रेचाळिसाव्या दिवशी एकोणपन्नास. चव्वेचाळिसाव्या दिवशीही एकोणपन्नास. पंचेचाळिसाव्या दिवशी सहाच्या ठोक्याला बुवा आत बसले आणि दहा मिनिटांत रेश्मा दाराच्या फटीशी येऊन कुजबुजली.

"बुवा, तिचा त्रेसष्ट आहे. पण स्पंदकला खोलीतली दोन्ही हृदयं दिसतात. आज तुमचीच रेघ ताठ आहे. तुमच्या छातीत यंत्रातला तबला वाजतोय. माणसाची भीती कुत्र्याला वासातून कळते, श्वासातून कळते. तिला वाटतंय, एवढा मोठा माणूस घाबरलाय, म्हणजे काहीतरी येणार आहे."

"मग काय करू? भीती वाटू देऊ नको म्हणून ती थांबते का?"

"नाही थांबत," रेश्मा म्हणाली. "पण आज आकड्यासाठी गाऊ नका. अजून पाऊण तास आहे."

ती गेली. बुवांनी तानपुरा छेडला, पण ठरवलेलं पद ओठावर येईना. शेजारी रिकामा पाट होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना वाटलं, पाटावर खरंच कुणीतरी असेल तर त्याला सजवलेलं काही सांगू नये. जे आहे ते सांगावं.

"मारुतीराया," ते अगदी हळू म्हणाले, "एक छोटं आख्यान आहे. एक मुलगी होती पंधरा वर्षांची. गावच्या उत्सवात बापाचं कीर्तन होतं. विश्रांतीच्या वेळी बाप पाणी पीत होता, तेव्हा ती उभी राहून पद म्हणू लागली. बापाला न विचारता, फक्त त्याला सुख व्हावं म्हणून. गोड गात होती. एके ठिकाणी तिचा धैवत जरा चढा लागला. बापाने गादीवरून तिला थांबवलं. चारशे माणसांसमोर म्हणाला, स्वर चढलाय, पुन्हा म्हण. लोक हसले. तिने पुन्हा म्हटलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतर वीस वर्षांत कधीच नाही. तिचा बाप तिला रोज तीनदा फोन करतो. काय खाल्लंस विचारतो. पाणी पी म्हणतो. ते एक सोडून सगळं बोलतो."

तानपुरा चालू होता. बुवांनी डोळे मिटले होते.

"तो बाप असं समजत होता, की ओढून ठेवलं म्हणजे प्रेम. तेवढंच येत होतं त्याला. आता ही काळी माझ्याकडे नाही आली तर नाही, देवा. माळावर तिला वारा मिळेल. तिने मला पाट मांडायला शिकवलं, तेवढं पुष्कळ झालं."

मागे नखांचा आवाज झाला.

खिडकीशी उभ्या तात्यांना सगळं दिसत होतं. बुक्का उठली. हळूहळू चालत लाकडी पट्टीपाशी गेली. थांबली. पट्टी हुंगली. तात्यांनी रेश्माचा दंडच पकडला. बुक्काने नाक उचललं, पट्टीला वळसा घातला आणि दाराकडे आली. पाटावर आधी एक पाय ठेवला, मग दुसरा. गोल फिरली. आणि बुवांसारखीच पाठ करून, त्यांच्या पाठीला पाठ टेकून बसली.

बुवा वळले नाहीत. हात सुटला नाही की आवाज चढला नाही. त्यांच्या पाठीला एक बरगडी लागली होती, आणि त्या बरगडीआडचा ठोका कधी जवळ येत होता, कधी लांबत होता. ती लय ओळखायला त्यांना कुठल्या चकतीची गरज नव्हती. त्यांची बोटं तारांवरून त्याच चालीने फिरू लागली.

सात वाजता रेश्मा आत आली तेव्हा तिने पाटी छातीशी उलटी धरली होती. बुवांनी आकडा विचारला नाही. तात्यांनीच न राहवून दारातून बोटं दाखवली, आधी चार, मग तीन. आणि खांद्यावरच्या टॉवेलने डोळे पुसायला लागले.

पंधरा दिवस झाले. बुवांच्या घरी ओसरीवर तो शिसवी पाट कायमचा मांडलेला असतो. बुक्काला वाटलं तर ती त्यावर बसते, नाही वाटलं तर तुळशीजवळची माती उकरते. सकाळच्या भाकरीचे तुकडे बुवा गोणपाटात गुंडाळून देतात. तेवढ्या वेळात त्यांचा चहा होतो.

नागपूरला त्यांनी एकही फोन केला नव्हता. दर दिवशी तीनदा हात फोनकडे जायचा आणि तीनदा मागे यायचा. मंडळाच्या कागदावर घरातलं दुसरं माणूस म्हणून वैजूचं नाव घालावं लागलं होतं, तेवढंच.

सोळाव्या दिवशी सकाळी ते ओसरीवर तानपुरा छेडत बसले होते. फोन वाजला.

"बाबा? पंधरा दिवस तुमचा फोन नाही. बरे आहात ना?"

बुवांच्या घशात अकरा वाक्यं तयार होती. जेवलीस का, आवाज का बसलाय, ऊन फार आहे का. त्यांनी ती एकेक गिळली.

"बरा आहे. तू बोल. मी ऐकतोय."

पलीकडे बराच वेळ काही नव्हतं. एवढी लांब शांतता त्या दोघांत कधी झाली नव्हती. बुवांनी ती भरली नाही.

"त्या मंडळाचा निरोप आला मला," वैजू म्हणाली. "बुक्का कोण?"

"तूच ये कधीतरी आणि बघ. तुला वाटेल तेव्हा."

 मग ती म्हणाली, "मागे तानपुरा आहे ना? तुम्ही काही म्हणू नका, पण पंचमाची तार चढी आहे. जरा चढी."

बुवांनी कान दिला. खरंच चढी होती. वयाबरोबर कान उतरला होता आणि सांगायला कुणी नव्हतं.

"असेल," ते म्हणाले. "मला कळत नाही आता. कुठं आणू, सांगतेस?"

फोनमध्ये श्वास घेतल्याचा आवाज आला. मग, वीस वर्षं न वापरलेला, थोडा थरथरता, पण नेमक्या जागी उभा राहिलेला एक स्वर आला. बुक्काने मातीतून डोकं काढलं. ओसरीवर आली आणि पाटावर बसून फोनकडे कान उभारले.

बुवा तारेत ओवलेला सूर जुळवायचा मणी केसाकेसाने सरकवत राहिले. स्वर थांबला की थांबायचे, सुरू झाला की पुन्हा सरकवायचे.

"आणखी थोडा खाली," वैजू म्हणाली. "थोडा... हां. आता लागला, बाबा."